रद्दीतून घराची सजावट : लगदा, हातकागद आणि कोल्हापूरचे ऊन

महिन्याची रद्दी तराजूत घालण्याआधी तिच्यातली तीन-चार किलो बाजूला काढून ठेवली, तर तिच्यातून भिंतीवरची ताटली, दारावरचे तोरण, आरशाची चौकट आणि दिवाळीचा आकाशकंदील एवढ्या वस्तू घरच्या घरी होतात. हे काम अवघड नाही. मात्र आपल्याकडे अशा वस्तू बिघडतात त्या बहुतेक वेळा कलाकुसर कमी पडल्यामुळे नव्हे, तर कागदात ओल राहिल्यामुळे. म्हणून येथे रंगरंगोटीपेक्षा कागदाची निवड आणि वाळवण यांविषयी अधिक लिहिले आहे.

माझी पहिली दुरडी मी ऐन श्रावणात केली. गणपतीच्या आरासीत ती ठेवायची म्हणून घाईने थापली, चार दिवस पंख्याखाली ठेवली आणि वरून कोरडी वाटताच रंगवली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी रंगाखालून करड्या बुरशीचे ठिपके वर आले आणि दुरडीला ओल्या गोणपाटासारखा वास सुटला. तेव्हापासून लगद्याचे काम मी होळी झाल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतच करते. दिवाळीसाठी करायचे राहिलेच, तर दसऱ्यानंतरचे ऊन मिळते. गणपतीच्या मखराचे भाग मे महिन्यात करून कपाटात ठेवावेत, ऑगस्टमध्ये फक्त जोडावेत. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यापासून कागदी मखरांकडे अनेक घरे वळली आहेत. त्यांतील बरीच मखरे विसर्जनाच्या आतच मान टाकतात, त्याचे कारणही हीच पावसाळी हवा.

रद्दी निवडून घेणे

कागद म्हणजे वनस्पतीतील सेल्युलोजच्या तंतूंची घट्ट बसलेली जाळी. पाण्यात हे तंतू सुटे होतात आणि पाणी निघून गेले की जवळ येऊन एकमेकांना पुन्हा धरतात. म्हणूनच जुन्या कागदाचा नवा कागद करता येतो. पण सर्व रद्दी एका जातीची नसते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते, त्यामुळे तो उन्हात लवकर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. वह्यांचा आणि झेरॉक्सचा कागद रासायनिक प्रक्रियेने साफ केलेल्या तंतूंचा असतो. तो पांढरा राहतो आणि अधिक बळकटही असतो. म्हणून आतला साचा वर्तमानपत्राचा आणि दिसणारा थर वह्यांचा, अशी वाटणी मी करते. मुलांच्या वार्षिक परीक्षा संपल्या की वह्यांचा ढीग घरोघरी निघतोच. पाने फाडताना मधल्या पिना मात्र आठवणीने काढाव्यात, कारण एक पिन मिक्सरचे पाते खराब करायला पुरेशी असते.

अंड्यांचे ट्रे मिळाले तर सोडू नयेत. ते मुळातच रद्दीच्या लगद्यापासून केलेले असतात, त्यामुळे तासाभरात भिजून मऊ होतात. कोपऱ्यावरचा अंडीवाला फाटके ट्रे आनंदाने देतो.

वर्तमानपत्रांच्या गुळगुळीत पुरवण्यांवर मातीचा लेप असतो. त्यांचा लगदा चिकट आणि कमजोर होतो; त्या आरशाच्या चौकटीच्या सुरळ्यांसाठी ठेवाव्यात. दुकानांची आणि एटीएमची बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात, त्यात रसायने असतात. ती लगद्यात अजिबात घालू नयेत. चहाच्या कागदी कपांना आतून प्लास्टिकचे अस्तर असते, तेही नकोत. लग्नपत्रिकांची परीक्षा सोपी आहे : कोपरा हळू फाडून पाहावा, फाटताना पारदर्शक पापुद्रा ताणला गेला तर त्यावर प्लास्टिक आहे. शिवाय पत्रिकेवरचा गणपती आणि कॅलेंडरवरचे देव भिजत घालायला घरातल्या मोठ्या माणसांचे मन धजत नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. ती चित्रे आधी कापून वेगळी काढावीत.

आणखी एक सूचना आपल्या कोल्हापुरापुरती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या पेठांमधून पोत्यांनी वह्या-पुस्तके भिजली. असा कागद आयताच भिजलेला आहे म्हणून वापरावासा वाटतो, पण पुराच्या पाण्यातील घाण आणि बुरशी त्यात मुरलेली असते. तो घेऊ नये.

खळ

डिंकाच्या बाटल्या विकत आणण्याची गरज नाही. एक वाटी मैदा पाच वाट्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. पांढरट रंग जाऊन खळीला काचेसारखी चकाकी आली की उतरवावी, चिमूटभर तुरटीची पूड घालावी आणि गाळून घ्यावी. ही खळ बाहेर दोन दिवस टिकते. पूर्वी बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात लहान मुले असतील तर तो मोह टाळावा.

याहून चिवट खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, रात्रभर भिजवून, तपकिरी साल काढून पाट्यावर वाटावेत आणि भरपूर पाण्यात शिजवावेत. घोंगडीच्या सुताला हीच खळ देतात, यावरून तिची ताकद लक्षात यावी. वाटण्याचा कंटाळा येतो हे मान्य, पण सुरळ्यांच्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही.

लगदा आणि भिंतीवरची ताटली

कागदाच्या लगद्याच्या दुरड्या आणि पाट्या करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. उपड्या पातेल्यावर लगदा थापून केलेली दुरडी कडधान्य ठेवायला वापरत आणि लगद्यात मेथीची पूड घालत. मेथी भिजली की बुळबुळीत चिकट द्रव सोडते, तो तंतूंना बांधून ठेवतो, आणि तिच्या कडूपणामुळे कीड लांब राहते. आज आपण हीच कृती शोभेसाठी करायची. छापील शाईचा कागद असल्याने या ताटलीत फराळ वाढण्याचा विचार मात्र कोणी करू नये.

अर्धा किलो कोरड्या कागदाचे नखाएवढे तुकडे करावेत. कात्रीने कापू नये, हाताने फाडावे. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात, त्यामुळे पाणी लवकर शिरते. तुकडे गरम पाण्यात घालून दोन रात्री भिजू द्यावेत. पाणी रोज बदलावे, नाहीतर आंबूस वास येतो. मग मिक्सरच्या जुन्या भांड्यात दोन भाग पाणी आणि एक मूठ कागद घालून थांबत थांबत फिरवावे. पाणी कमी घातले तर मोटर तापते. आमच्या घरातला एक मिक्सर याच धड्याची फी म्हणून गेला. लगदा तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी चमचाभर लगदा पेलाभर पाण्यात ढवळावा. त्यात कपटे तरंगताना दिसले तर आणखी फिरवावा. सगळा पेला सारखा धुरकट दिसला तर झाला.

आता तो जुन्या धोतराच्या फडक्यात घालून पिळावा. गाळलेले पाणी मोरीत ओतू नये, कारण त्यातले बारीक तंतू साचून नळी तुंबते. ते कुंड्यांना घालावे. पिळलेल्या गोळ्यात मुठीएवढी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, मेथीची पूड रात्रभर भिजवून घालावी, दोन मुठी चाळलेली शाडूची माती घालावी आणि वाटीभर खळ घालून कणकेसारखे मळावे. शाडू शाहूपुरीत, गंगावेशीत किंवा बापट कॅम्पात कुंभारांकडे मिळतो. मळलेला लगदा मुठीत दाबला तर बोटांच्या फटींतून वर यावा, पण पाणी सुटू नये.

थापताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. लगदा वाळताना आक्रसतो. तो भांड्याच्या बाहेरून थापला असेल तर आक्रसत भांड्यालाच आवळतो, आणि मग एक तर तो निघत नाही किंवा त्याला तडा जातो. आतून थापला असेल तर आक्रसताना आपोआप भांड्यापासून सुटतो. म्हणून ताटलीसाठी परात किंवा खोलगट ताट घेऊन आतून थापावे. दुरडीला बाहेरून थापण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा पातेल्यावर ओले फडके घालावे आणि लगदा अर्धवट वाळताच, बोटाने दाबल्यावर खूण उमटते पण बोट रुतत नाही अशा अवस्थेत, फडक्यासकट उतरवून घ्यावा.

ताटाला आतून ओले फडके लावावे, मधोमध लगद्याचा गोळा ठेवावा आणि थालीपीठ थापतो तसा मधून काठाकडे पसरावा. जाडी सगळीकडे अर्धा सेंटीमीटर असावी. काठ पातळ राहिला तर तो आधी वाळतो, मधला भाग मागून आक्रसतो आणि ताटली पन्हळीसारखी वाकते. म्हणून काठाला उलट किंचित जास्त लगदा द्यावा आणि ओल्या अंगठ्याने गोल फिरवून तो गुळगुळीत करावा. टांगण्यासाठी वरच्या बाजूला एक बोट अंतर सोडून पेन्सिलीने दोन भोके याच वेळी पाडावीत. वाळल्यावर पाडायला गेले तर कडा फुटते.

नक्षी उठावाची हवी असेल तर तीही ओल्यावरच करावी. उरलेल्या लगद्याच्या बारीक वळ्या करून, खाली खळ लावून चिकटवाव्यात. कोल्हापुरी साजातली चंद्र, कमळ, मासा, कासव ही पाने काठाभोवती फार शोभतात. त्यांचे आकार सुटसुटीत आहेत आणि लगद्यात उठून दिसतात.

पहिला दिवस सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी. एकदम कडक उन्हात ठेवले तर वरचा थर आवळतो, आत पाणी अडकते आणि भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी ताटली ताटातून सुटू लागते. ती काढून, उलटी करून चाळणीवर ठेवावी आणि मग तीन दिवस गच्चीवर ऊन द्यावे. वाळली का हे डोळ्यांनी ठरवू नये. ताटली गालाला लावून पाहावी : आत ओल असेल तर ती गार लागते. नंतर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. ओली ताटली भद आवाज करते, वाळलेली पुठ्ठ्यासारखी खणखणते. दोन्ही खुणा पटल्याशिवाय रंगाला हात लावू नये.

रंगाआधी वहीच्या पांढऱ्या कागदाचे तुकडे खळीने दोन थरांत चिकटवले की खडबडीतपणा झाकला जातो. रंग म्हणाल तर गेरू, खडूची पूड आणि काजळी हे तिघे डिंकाच्या पाण्यात कालवून लावावेत. ते उन्हाने उडत नाहीत. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि खिडकीजवळ टांगला तर काही आठवड्यांतच फिका पडतो. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून त्याचे तीन पातळ हात द्यावेत. सावंतवाडीच्या गंजिफ्यांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना, चकाकी देणारी ती हीच लाख. स्पिरिट पेट घेते, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात करू नये.

हातकागदाचे तोरण

पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद करतात. चिंध्या कुटायला यंत्र लागते, ते घरी शक्य नाही. वह्यांच्या लगद्यावर आपण तीच कृती लहान प्रमाणात करू शकतो.

९ बाय १२ इंचांची जुनी फोटो फ्रेम घेऊन तिच्यावर मच्छरदाणीची जाळी ढोलकीसारखी ताणून ठोकावी. जाळी ढिली राहिली तर कागद मध्ये जाड आणि कडेला विरळ होतो. तेवढीच दुसरी रिकामी फ्रेम वर ठेवली की कागदाला चौकट मिळते. फ्रेम सपाट बुडेल एवढ्या रुंद टबात दहा-बारा भाग पाण्याला एक भाग लगदा घालून हाताने ढवळावे. यात मेथी किंवा माती नको. दोन्ही फ्रेम एकत्र धरून उभ्या बुडवाव्यात, पाण्याखाली आडव्या कराव्यात आणि सरळ वर उचलाव्यात. पाणी निथळत असतानाच, पहिल्या दोन-तीन सेकंदांत, डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलके हलवावे; त्यामुळे तंतू एकाच दिशेला न झोपता एकमेकांत अडकतात. त्यानंतर हलवले तर थर फाटतो.

वरची फ्रेम काढावी, कडेला चिमूटभर वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या किंवा कांद्याची टरफले टाकावीत आणि जाळी ओल्या सुती कापडावर उपडी घालावी. मागून स्पंजने पाणी टिपत जावे आणि एका बाजूने जाळी उचलावी. पहिले दोन-तीन कागद बिघडतात. ते परत टबात जातात, नुकसान काहीच नाही. कापड आणि कागद यांची चळत करून वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवून तासभर दाब द्यावा, मग कापडासकट दोरीवर चिमटे लावून वाळवावे. एक बाजू गुळगुळीत हवी असेल तर ओला कागद खिडकीच्या काचेवर चिकटवावा. सुटा झाला की तो वाळला असे समजावे.

तीन फूट रुंदीच्या चौकटीला दोन इंच रुंदीची १५ पाने पुरतात आणि मध्ये अर्ध्या इंचाला किंचित कमी फट राहते. कडा नीट कापून कागद ८ बाय ११ इंचांचा राहिला, तर त्यातून २ बाय साडेपाच इंचांचे आठ तुकडे निघतात. म्हणजे दोन कागदांत तोरण होऊन एक पान उरते. प्रत्येक तुकडा उभा दुमडून आंब्याच्या पानासारखा कापावा, पण वरचा अर्धा इंच चौकोनीच ठेवावा. दुमड उघडली की पानाची शीर आपोआप दिसते. पाच फूट दोरा घ्यावा, वरचा अर्धा इंच दोऱ्यावरून मागे वळवून खळीने चिकटवावा आणि मधल्या पानापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जावे. डावीकडून सुरुवात केली तर शेवटचे पान हमखास चौकटीबाहेर जाते. ज्यांचे दार पावसाच्या तोंडाला आहे, त्यांनी हे तोरण दाराबाहेर न लावता देवघरावर लावावे.

आकाशकंदिलालाही हाच कागद चालतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधून त्यावर कागद किंचित ओलसर करून चिकटवावा. वाळताना तो स्वतःच ताणून बसतो आणि सुरकुत्या राहत नाहीत. आत एलईडी बल्बच लावावा, जुना तापणारा बल्ब किंवा पणती नाही. हीच काळजी समईजवळच्या कागदी आरासीबाबतही घ्यावी.

सुरळ्या आणि कोन

आरशाच्या चौकटीसाठी वर्तमानपत्राचे पान उभे चार पट्ट्यांत फाडावे. उभे फाडले की ते सरळ फाटते, आडवे फाडले की वाकडे जाते, कारण तंतू उभ्या दिशेने बसलेले असतात. पट्टीच्या कोपऱ्यावर सायकलची तार तिरकी ठेवून घट्ट गुंडाळावे, शेवटी खळीचे बोट लावावे आणि तार ओढून घ्यावी. अशा ६०-७० सुरळ्या झाल्या की त्या पुठ्ठ्याच्या कड्यावर सूर्यकिरणांसारख्या चिकटवता येतात. पुरवण्यांच्या रंगीत सुरळ्या मध्ये मध्ये आल्या तर रंग देण्याचीही गरज राहत नाही.

इचलकरंजीत यंत्रमागांवर सूत कागदी कोनांवरून येते आणि रिकामे कोन भंगारात जातात. हे वीतभर उंचीचे कोन फार कणखर असतात. त्यांना लगद्याचा पातळ हात देऊन वाळवले की सुक्या फुलांचे उभे फुलपात्र होते. पाण्याचे नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात या वस्तू भिंतीला चिकटवून ठेवू नयेत. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतींना ओल येते. ताटलीमागे दोन बुचे चिकटवली की भिंत आणि ताटली यांच्यात वारा खेळतो. उतरवून ठेवायच्या वस्तू वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह सुती कापडात गुंडाळाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. चपडा न लावलेली वस्तू मोडली तर ती पुन्हा बादलीत भिजत घालता येते. मात्र प्रत्येक वेळी फिरवताना तंतू आखूड होतात, म्हणून अशा जुन्या लगद्यात निम्मा तरी वह्यांचा नवा कागद मिसळावा.